३५ अँपिअरचा ब्रिज २० अँपिअरला का जातो?

तुमचा प्रश्न मला कसा कळला ते आधी मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. १०० वॅटच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) हॅम रेडिओ सेटसाठी तुम्ही घरीच १३.८ व्होल्ट, २० अँपिअरचा लिनिअर पॉवर सप्लाय बांधला. भोसरीत वाइंड करून घेतलेला १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे केबीपीसी ३५१० ब्रिज (एसीचं डीसी करणारं चार डायोडचं पुडकं), २२,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, मग व्होल्टेज स्थिर ठेवणारी एलएम ७२३ आयसी आणि टू-एन ३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरची रांग. पहिला ब्रिज दोन वर्षं टिकला. यंदा मार्चमध्ये तुम्ही एफटी-८ (कॉम्प्युटरनं छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) सुरू केलं, हम (मेन्सची घरघर) येतोय म्हणून आणखी दोन कपॅसिटर जोडले, आणि ब्रिज गेला. दुसरा एप्रिलमध्ये गेला. तिसरा तर स्विच टाकताक्षणी गेला. आता तुम्ही विचारताय की ५० अँपिअरचा ब्रिज लावू, मोठे स्टड डायोड लावू, की हे सगळं सोडून एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) घेऊ.

ब्रिजवर छापलेला ३५ चा आकडा खरा आहे, पण तो एका अटीवर खरा आहे आणि तुमच्या पेटीत ती अट पाळली जात नाहीये, असा माझा अंदाज आहे. अट तशीच ठेवून ५० चा ब्रिज लावलात तर तो थोडा उशिरा जाईल, पण जाईल. म्हणून खरेदीच्या आधी मारेकरी शोधू.

तुमचा सप्लाय मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. माझ्याकडे असा सप्लाय आला की माझा पहिला प्रश्न असतो, ब्रिज नेमका कधी गेला? बराच वेळ ट्रान्समिट केल्यावर गेला असेल तर संशय उष्णतेवर. चालू करताना गेला तर कपॅसिटर भरतानाच्या झटक्यावर, किंवा पुढे आधीच काहीतरी शॉर्ट असण्यावर. आणि वळिवाच्या पावसात, कडकडाट झाल्यावर किंवा वीज जाऊन आल्यावर गेला असेल तर लाइनवरून आलेल्या सर्जवर. तुमच्या वर्णनावरून पहिले दोन ब्रिज उष्णतेनं गेले आणि तिसऱ्याचं कारण वेगळं आहे. तिघांना एकाच कारणात बसवायला जाऊ नका.

आधी उष्णतेचा हिशेब मांडू. ब्रिजमधून प्रवाह जाताना एका वेळी दोन डायोड मध्ये असतात. प्रत्येकावर सुमारे १.१ व्होल्ट पडतात, म्हणजे दोघांचे मिळून २.२. वीस अँपिअरला ही झाली ४४ वॅट उष्णता. आपण रोज वापरतो त्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची कल्पना करा. जवळजवळ तसे दोन आयर्न सव्वा इंचाहूनही लहान चौकोनात कोंडून ठेवल्यासारखं हे आहे. ३५ अँपिअरचं रेटिंग देताना बहुतेक डेटाशीट गृहीत धरतात की ब्रिजची बाहेरची पाठ ५५ अंशांच्या आसपास राखलेली आहे. ती तशी राखणं ही बांधणाऱ्याची जबाबदारी. पाठ तापत गेली की परवानगीचा प्रवाह उतरत जातो, आणि पाठच १५० अंशांला पोचली की तो शून्यावर येतो, कारण आतली सिलिकॉनची चकती १५० च्या पुढे जाऊ द्यायची नसते.

आता एप्रिलमधलं पुणं घ्या. खोलीत ३८-४० अंश, बंद पेटीत ५० सहज. चकतीपासून पाठीपर्यंत दर वॅटला साधारण दीड अंशाचा फरक धरा. म्हणजे ४४ वॅटला आतली चकती पाठीपेक्षा ६६ अंशांनी गरम असणारच, बाहेर तुम्ही काहीही करा. पाठीपासून पुढची वाट मात्र तुमच्या हातात आहे. ब्रिज नुसत्या पत्र्याच्या पेटीला आवळला असेल तर दर वॅटला तीन अंश धरणंही मी उदारपणाचं मानतो. एफटी-८ मध्ये निम्मा वेळ ट्रान्समिट आणि निम्मा वेळ ऐकणं, म्हणून पत्र्याला सरासरी २२ वॅट पोचतील. पेटीचे ५०, पत्र्याचे ६६, उष्णतावाहक पेस्टच्या थराचे आठ-नऊ आणि आतले ६६ मिळून होतात १९० च्या वर. तो ब्रिज वाचणं शक्यच नव्हतं.

मग पहिली दोन वर्षं तो का टिकला? कारण तुम्ही एसएसबीवर, म्हणजे बोलण्याच्या मोडवर, होतात. बोलताना सरासरी प्रवाह पाच-सात अँपिअरच्या पुढे जात नाही आणि अर्ध्याहून अधिक वेळ आपण ऐकत असतो. घरी बांधायच्या जुन्या सर्किटांची आखणी याच वापराच्या हिशेबानं झालेली आहे. एफटी-८ आलं २०१७ मध्ये. त्यात १५ सेकंदांच्या प्रत्येक खेपेत साडेबारा सेकंदांहून थोडा जास्त वेळ सलग पूर्ण ताकदीनं सिग्नल जातो. ब्रिजची आतली चकती तेवढ्यात जवळजवळ पूर्ण तापते, पुढच्या १५ सेकंदांत थंड होते, पुन्हा तापते. तासाला अशा १२० फेऱ्या. चकती तांब्याला ज्या सोल्डरनं धरून ठेवलेली असते ते सोल्डर या आकुंचन-प्रसरणानं थकतं, त्याला तडे जातात, आणि तडे गेले की उष्णता बाहेर पडायची वाट आणखी अरुंद होते. म्हणून चकती १५० च्या आत राहतेय एवढ्यावर समाधान मानू नका. मी १२० च्या आसपास थांबायचं ठरवून आखणी करतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे, आणि या सगळ्या उत्तरातलं एकच काही करणार असाल तर हे करा. एकाऐवजी दोन ब्रिज वापरा, पण प्रत्येकाचे दोन्ही एसी टर्मिनल एकमेकांना जोडून. पहिल्या ब्रिजची ही जोडलेली टोकं ट्रान्सफॉर्मरच्या एका वायरला, दुसऱ्याची दुसऱ्या वायरला. दोघांचे प्लस एकत्र, दोघांचे मायनस एकत्र. म्हणजे प्रत्येक पुडक्यातले वरचे दोन डायोड समांतर आणि खालचे दोन समांतर काम करतात. ते एकाच पुडक्यात, एकाच तापमानाला आणि बहुधा एकाच घाण्यातले असल्यामुळे प्रवाह बऱ्यापैकी सारखा वाटून घेतात. मुख्य फायदा हा की ४४ वॅट दोन पाठींवर वाटले जातात आणि ६६ अंशांचा आतला फरक ३३ वर येतो. दोन पूर्ण ब्रिज नेहमीसारखे समांतर जोडू नका. त्यात वेगवेगळ्या पुडक्यांतले डायोड एकमेकांशी प्रवाह वाटतात. जो जास्त तापतो त्याचा व्होल्टेज ड्रॉप कमी होतो आणि तो आणखी प्रवाह ओढतो.

हे दोन्ही ब्रिज पंख असलेल्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवा, आणि तो हीटसिंक पेटीच्या बाहेर, पंख उभे ठेवून. टू-एन ३०५५ च्या हीटसिंकवर उरलेल्या जागेत ब्रिज दाटीनं बसवलेला मी फार वेळा पाहतो. तिथे ट्रान्झिस्टर शंभर वॅटहून जास्त ओकत असतात, ब्रिजला थंडावा कुठून मिळणार? त्याचा हीटसिंक वेगळा हवा. खाली अभ्रकाचा वॉशर घालायची गरज नाही, केबीपीसीची पाठ आतून इन्सुलेटेड असते. अभ्रकामुळे उष्णतेच्या वाटेत विनाकारण एक अडथळा वाढतो. पेस्टचा थर इतका पातळ लावा की खालची धातू किंचित दिसत राहील. स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घाला. बसवण्याआधी ब्रिजची पाठ काचेवर ठेवून पाहा, डुलत असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती घासून सपाट करा.

उष्णतेचा एक स्रोत बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे थिंबल, वायरच्या टोकाचं धातूचं कनेक्टर. केबीपीसीच्या पाव इंची पात्यांवर आपण थिंबल नुसतं ढकलून बसवतो. वीस अँपिअर सरासरी प्रवाह प्रत्यक्षात ३५ अँपिअर आरएमएसच्या (उष्णतेच्या हिशेबानं धरायच्या प्रवाहाच्या) घरात जातो, आणि थोड्याशा सैल थिंबलमध्ये काही वॅट तिथेच तयार होतात. ती उष्णता पात्यावरून सरळ आत चकतीकडे जाते. पावसाळ्याच्या दमटपणानं पात्यावर काळपट थर चढला की रोध वाढतो, आणखी तापतं. तुमच्या मेलेल्या ब्रिजची पाती पाहा. एखादं पातं निळसर किंवा तपकिरी पडलं असेल, जवळच्या वायरचं इन्सुलेशन कडक झालं असेल, तर हा गुन्हेगार सापडला. मी पात्यांवर जाड वायर सरळ सोल्डर करतो. पुढच्या दुरुस्तीला थोडा त्रास होतो, पण तो मला परवडतो.

वर ३५ अँपिअर आरएमएस म्हटलं, त्याचं कारण सांगायला हवं, कारण तुमच्या जादा कपॅसिटरचा संबंध तिथेच येतो. ब्रिजमधून प्रवाह सलग वाहत नाही. दर १० मिलिसेकंदांतली फार तर तीन-चार मिलिसेकंद, एसीच्या शिखराजवळ, तो वाहतो आणि तेवढ्यात पुढच्या साऱ्या वेळेची भरपाई करतो. त्यामुळे २० अँपिअर डीसीसाठी डायोडमधून ८० अँपिअर किंवा त्याहून उंच झटके जातात. कपॅसिटर जितका मोठा आणि ट्रान्सफॉर्मरचा रोध जितका कमी, तितके हे झटके अरुंद आणि उंच होतात. म्हणून कपॅसिटर ४४ हजारांवरून ८८ हजारांवर नेल्यानं रिपल (डीसीवर उरलेले चढ-उतार) निम्मा झाला तरी ब्रिजचा आणि ट्रान्सफॉर्मरचा त्रास वाढला. याच कारणानं, वाइंडिंगवाल्याला तुम्ही नुसतं ‘२० अँपिअर’ सांगितलं असेल तर तार कमी जाडीची पडली असणार. सलग वापरासाठी १८ व्होल्टला ३५ अँपिअर, म्हणजे ६०० व्हीएच्या पुढचा ट्रान्सफॉर्मर लागतो. एसएसबीला त्याहून बराच लहान चालून जातो, आणि तुमचा तसा चालत होताच.

शिवाय तो हम कपॅसिटर कमी पडल्यामुळेच येत होता का, हे आधी पाहायला हवं होतं. तुमच्या मल्टिमीटरवर फ्रीक्वेन्सी मोजायची सोय असेल तर एसीवर ठेवून कपॅसिटरवरचा रिपल मोजा. १०० हर्ट्‌झ आला तर ब्रिजच्या दोन्ही बाजू चालू आहेत. ५० आला तर एक डायोड उघडा पडलाय, अर्धाच ब्रिज काम करतोय आणि ट्रान्सफॉर्मरही विनाकारण तापतोय. अशा वेळी कितीही कपॅसिटर घातले तरी उपयोग नाही. तिसरी शक्यता अशी की हम फक्त काही स्टेशनांवर, काही फ्रीक्वेन्सींवरच ऐकू येतो. मग तो सप्लायचा रिपल नाही. अँटेनातून आलेलं आरएफ (रेडिओ सिग्नल) वायरिंगमधून ब्रिजपर्यंत पोचतं, डायोड त्याला सेकंदाला शंभर वेळा चालू-बंद करतात, आणि ते मॉड्युलेट होऊन परत सेटमध्ये येतं. सोसायटीच्या गच्चीवरून एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) अँटेनाची तार खाली खिडकीत आणलेल्यांना हा त्रास फार होतो. प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरड, एक किलोव्होल्टचा डिस्क सिरॅमिक लावला की तो बहुधा जातो.

आता तिसरा ब्रिज, चालू करताच गेलेला. यात मला दोन शक्यता दिसतात, आणि दुसरी जास्त गंभीर आहे. पहिली, कपॅसिटर भरतानाचा झटका. रिकामे ८८ हजार मायक्रोफॅरड म्हणजे क्षणभर शॉर्टच. ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगचा दुय्यम (१८ व्होल्टच्या) बाजूनं दिसणारा एकूण रोध ०.०८ ओम धरला, तर २५ व्होल्टच्या शिखराला ३०० अँपिअर जातात. केबीपीसी ३५१० एका अर्ध्या सायकलसाठी ४०० सोसतो, त्यामुळे साध्या स्टॅम्पिंगच्या ट्रान्सफॉर्मरवर चांगला ब्रिज निभावून जातो. टोरॉइडला (गोल कड्यावर वाइंड केलेल्या ट्रान्सफॉर्मरला) रोध त्याहून कमी असतो, तिथे निभावणं कठीण. सर्वांत वाईट वेळ म्हणजे भर ट्रान्समिटमध्ये वीज जाऊन काही सेकंदांत परत येते ती. कपॅसिटर रिकामे झालेले, पण चकती अजून गरम. यावर उपाय, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (मेन्सच्या बाजूला) ४७ ओम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि साधारण एक सेकंदानं त्याला बायपास करणारा रिले, म्हणजे सॉफ्ट-स्टार्ट. कपॅसिटर वाढवायचे असतील तर हे आधी बसवा.

दुसरी शक्यता, ब्रिज जाताना इतरांना घेऊन गेला. सिलिकॉन डायोड बहुधा शॉर्ट होऊन मरतो. तो शॉर्ट झाला की फ्यूज उडेपर्यंत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर एसी पोचते, म्हणजे उलटे व्होल्ट. त्यानं कपॅसिटर आतून खराब होतो, बाहेरून मात्र कधीकधी नवा दिसतो. त्याच कपॅसिटरवर तुम्ही तिसरा ब्रिज लावला असेल तर तो जाणारच होता. चौथा लावण्यापूर्वी चारही कपॅसिटर सोडवून एकेक तपासा. डोकं फुगलेला, सेफ्टी व्हेंट ओलसर झालेला किंवा हलक्या चार्जिंगवरही तापणारा कपॅसिटर सरळ बाजूला काढा. टू-एन ३०५५ चे कलेक्टर-एमिटरही तपासा. त्यातला एक शॉर्ट असेल तर २५ व्होल्ट थेट सेटला जातील, म्हणून तोपर्यंत सेट जोडायचा नाही.

त्यानंतरही पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापराच. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब प्रायमरीच्या सिरीजमध्ये. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर पुढे शॉर्ट आहे आणि तुमचा नवा ब्रिज वाचला. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तमच, पण बल्बचं काम त्यानं होत नाही, दोन्ही एकत्र लावा.

फ्यूजबद्दल मात्र मी कडक आहे. ब्रिज शॉर्ट झाल्यावर ट्रान्सफॉर्मर जळू न देणारी ती एकमेव वस्तू. तुमच्या सप्लायला प्रायमरीत ५ अँपिअरचा स्लो-ब्लो पुरे. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर कारण शोधा. त्या जागी तार किंवा १५ अँपिअरचा फ्यूज घातलेला सप्लाय शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) चालू ठेवून झोपणं म्हणजे घराला आगीचं आमंत्रण आहे.

लाइनच्या सर्जसाठी फ्यूजच्या नंतर, प्रायमरीवर २० मिमीचा एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषून घेणारा भाग) लावा. आपल्याकडे रात्री व्होल्टेज चढतं, न्यूट्रल सैल झाली तर फारच चढतं, म्हणून २७५ व्होल्टच्या ऐवजी मी ३२० व्होल्ट एसीचा घेतो. मे-जूनच्या कडकडाटात मात्र एमओव्हीच्या भरवशावर राहू नका, प्लग आणि अँटेना दोन्ही काढून ठेवा.

खरेदीबद्दल. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, केबीपीसी ३५१० वेगवेगळ्या भावात मिळतो आणि वरचं छापकाम सगळ्यांचं सारखंच असतं. आतली चकती लहान घातलेले तुकडे बाजारात आहेत, ते डायोड टेस्टवर ओळखू येत नाहीत, कारण मीटर जेमतेम एखादा मिलिअँपिअर सोडतो. ओळखायचं तर ब्रिज हीटसिंकवर लावून एका डायोडमधून १० अँपिअर डीसी सोडा आणि त्याच्याच पात्यांवर व्होल्ट मोजा. चांगल्या तुकड्यात एक व्होल्टच्या थोडं आत येतं. १.२ च्या वर गेलं तर मी तो वापरत नाही. दोन-तीन दुकानांतून एकेक घेऊन ही चाचणी करा आणि जो उतरला त्याच दुकानातून बाकीचे घ्या.

तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. ५० अँपिअरचा ब्रिज त्याच आकाराचा असतो, त्याचा ड्रॉप थोडा कमी म्हणून फार तर चार-पाच वॅट वाचतील. घ्यायला हरकत नाही, पण दोन ३५ चे ब्रिज वर सांगितल्याप्रमाणे जोडले तर फायदा कितीतरी जास्त. जुन्या बाजारात वेल्डिंग मशिनमधले स्टड डायोड मिळतात, ते दणकट असतात, पण त्यांचा स्टड हाच एक टर्मिनल असतो. म्हणजे हीटसिंक जिवंत. कॅथोड-स्टडचे दोन एका हीटसिंकवर, ॲनोड-स्टडचे दोन दुसऱ्यावर, आणि दोन्ही हीटसिंक पेटीपासून अलग. जागा असेल आणि हात बसलेला असेल तर छान, पहिल्याच दुरुस्तीत मी सुचवणार नाही. १०० व्होल्टचे शॉटकी (कमी ड्रॉपचे डायोड) लावले तर उष्णता जवळपास निम्म्यावर येते, मात्र गरम झाल्यावर त्यांची उलटी गळती वाढते, त्यामुळे हीटसिंकची सुटका तिथेही नाही.

एसएमपीएस हलका असतो, बाहेर नेण्यासाठी मीही तोच नेतो. पण सीसीटीव्हीसाठी विकला जाणारा १२ व्होल्टचा एसएमपीएस १३.८ ला चढवून एचएफवर लावलात तर ४० मीटरच्या बँडवर त्याचा आवाज ऐकत बसाल. तुमचा ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, पेटी तयार आहे. ती टाकून देऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा ठेवला असता. कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर तपासायचे, दोन ब्रिज वेगळ्या हीटसिंकवर लावायचे, पाती सोल्डर करायची, सॉफ्ट-स्टार्ट बसवायचा, सिरीज बोर्डवर चालू करायचं. जादा दोन कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या तारेची जाडी कळेपर्यंत बाहेरच. तोवर एफटी-८ तीस-चाळीस वॅटवर चालवा. त्या मोडला शंभर वॅट लागत नाहीत आणि सप्लायवरचा भार बराच उतरतो.

सगळं झालं की डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रोधावर) पंधरा सेकंद चालू, पंधरा बंद, असं अर्धा तास चालवा. मल्टिमीटरबरोबर मिळणारा थर्मोकपल ब्रिजच्या पाठीला, स्क्रूजवळ, पेस्ट लावून टेकवा. दोन ब्रिजच्या जोडणीत पाठ ८० अंशांच्या खाली राहिली पाहिजे. एकच ब्रिज ठेवलात तर ती ५५ च्या आतच राखावी लागेल, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय ते जमेल असं मला वाटत नाही. हा आकडा, खोलीचं तापमान आणि त्या वेळचं मेन्सचं व्होल्टेज एवढं मला कळवा. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम तारेचा गेज मोजता आला तर तोही कळवा, म्हणजे जादा कपॅसिटर परत लावायचे की नाही ते ठरवता येईल.